पिसाला किती मिनिटांचा थांबा

जेवणाच्या टेबलावर यांनी कंट्रोल चार्ट पसरलाय.
आडव्या रेघा स्टेशनांच्या, उभ्या मिनिटांच्या.
जिथे वरणगाव, बोदवड, मलकापूर असायचं
तिथे आता पेन्सिलीने
रोम, फ्लॉरेन्स, बोलोन्या, व्हेनिस.
कूलरच्या वाऱ्याने व्हेनिस सारखं फडफडतं,
त्यावर मी अडकित्ता ठेवलाय.

यांना निवृत्त होऊन सहा वर्षं झाली
तरी पेन्सिलीला अजून दोन्हीकडून टोक.
लग्नानंतर पहिल्यांदा हा कागद दाखवला तेव्हा म्हणाले होते,
तिरकी रेघ म्हणजे गाडी धावतेय,
आडवी झाली की गाडी उभी.
मी हसले होते. आडवी झाली की उभी!
भुसावळात हसण्यासारखं तेव्हा फार काही नव्हतं.

"रोम सुटणार आठ दहाला.
फ्लॉरेन्स नऊ बेचाळीस.
घुमट दीड तास, चित्रं दोन तास,
जुना पूल वीस मिनिटं."
घुमटाला चारशे त्रेसष्ट पायऱ्या आहेत, मी म्हणते,
माझा गुडघा कुठल्या रकान्यात लिहिलाय?
आणि पुलावर मला बसायचंय.
"बसायचंय म्हणजे?"
बसायचंय म्हणजे बसायचंय.
"हो, पण किती मिनिटं?"

बत्तीस वर्षं यांनी देशभरच्या गाड्या पुढे काढल्या.
आमची तेवढी साइडिंगला.
काश्मीर रद्द, कन्याकुमारी रद्द,
चारीठाण्याच्या जत्रेलाही रात्रपाळी आडवी आली.
आता फंडातले पैसे काढून
एकदम इटली.

शेजारच्या दुर्गाबाई झांबरे चपला न काढताच दारातून,
"तठी काय ठिवेल हाये वं, मोडक्या भिंती पाह्याले?
आपल्या यावलच्या किल्ल्यात शेयड्या चरता,
तो पाह्यला का कधी?"
नाही पाहिला.
यावल वीस किलोमीटर.
कळण्याचं पीठ नेऊ देतात का विमानात,
हे मात्र त्यांनी दोनदा विचारलं.

रात्री उशिरा यार्डात वाघिणींचे धक्के ऐकू येतात.
हे चष्मा कपाळावर चढवून कागदावर वाकलेले.
"पिसा काढून टाकू या," म्हणतात,
"मेन लाइनवर नाही. ब्रँच लाइन.
जायला तास, यायला तास,
आणि बघायचं काय, तर वाकडा मनोरा."

मी उठून पाणी प्यायले.
मग म्हटलं, फरकांडे आठवतं?

एरंडोलपुढचा कच्चा रस्ता,
कुणाची तरी मागून आणलेली राजदूत,
माझा नवा पोपटी शालू धुळीने मातकट.
झुलते मनोरे.
तुम्ही एकात चढून हलवणार,
दुसऱ्यात मी भिंतीला हात लावून उभी राहणार.
तुम्ही ओरडलात, "हललं का?"
मी ओरडले, "हो!"
खरं सांगू?
मला काहीच कळलं नव्हतं.
माझाच हात थरथरत होता.

हे कितीतरी वेळ गप्प.
मग म्हणाले, "त्यातला एक पडला नंतर."
माहीत आहे.
"तुझा की माझा?"
ते कुणाला विचारायचं आता.

यांनी खोडरबर घेतलं.
मला वाटलं, गेलं पिसा.
पण घुमटाचा दीड तास खोडला,
रबराचा चुरा फुंकरीने माझ्याकडे उडवला,
आणि पिसाच्या रेघेवर
पेन्सिल आडवी चालवत नेली, चालवत नेली,
दुपार ओलांडून, चहा ओलांडून,
जवळजवळ कागदाच्या कडेपर्यंत.

एवढा थांबा यांनी आयुष्यात
कुठल्याच गाडीला दिला नसेल.

"परतीची गाडी चुकेल," मी म्हटलं.
"मागून एक लोकल आहे," हे म्हणाले,
आणि चार्टच्या तळाशी, रोमच्याही खाली,
जिथे रूळच नाहीत तिथे
बारीक अक्षरात लिहिलं: फरकांडे.
पुढे कंसात: रविवार, सकाळी, ऊन व्हायच्या आत.